माझ्या वाटणीचं पपनस

मला छातीत कधीच दुखत नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

पाच वर्षांपूर्वी माझं हृदय बदललं. माझी मुलगी ओवी झाली, त्या बाळंतपणानंतर माझं स्वतःचं हृदय नाडी गेलेल्या परकरासारखं सैल पडलं होतं. ते गोळ्यांवर काही वर्षं कसंबसं चाललं आणि एका पावसाळ्यात थकलंच. मग मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला दुसऱ्या कुणाचं तरी हृदय मिळालं. कुणाचं, ते सांगत नाहीत. मी रोज देवापुढे हात जोडते तेव्हा त्या घरासाठीही जोडते. याहून जास्त मला काही करता येत नाही.

नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, पण दुखलं-खुपलं कळवणाऱ्या नसा जोडता येत नाहीत. त्यामुळे त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून चोंदायला लागल्या, तरी आमच्यासारख्या बहुतेकांना कळ येत नाही. बाकीच्या लोकांना हार्टचा त्रास झाला की छातीत दुखतं, हात भरून येतो, घाम फुटतो आणि मग धावाधाव होते. आमच्याकडे सगळी सामसूम. म्हणून दरवर्षी आत कॅमेऱ्यासारखी नळी घालून बघावं लागतं.

हे लिहायचं कारण, आमच्या हॉस्पिटलच्या पेशंट ग्रुपवर नव्याने आलेली एक मुलगी मला विचारत होती, "ताई, बरी झाल्यावरही दरवर्षी अँजिओग्राफी कशाला? मला नाही करायची." तिला फोनवर सांगितलं त्यापेक्षा थोडं नीट सांगावं म्हणून बसले आहे.

अस्तर

पहिली दोन वर्षं तपासणी झाली आणि डॉक्टर मॅडम हसून म्हणाल्या, छान आहे, जा घरी. तिसऱ्या वर्षी त्या हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसल्या. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली की बातमी साधी नसते.

"ज्योती, बाहेरून वाहिन्या चांगल्या दिसतायत. पण आतून सोनोग्राफी केली, त्यात एका वाहिनीचं आतलं अस्तर थोडं जाड झालंय."

अस्तर हा शब्द त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम वापरला. मी ब्लाउज शिवते, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझं छोटं दुकान आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मला लगेच समजलं. ब्लाउज बाहेरून कितीही चापूनचोपून बसू दे, उलटा करून बघितल्याशिवाय शिलाईचं खरं कळत नाही. नुसती डाय, म्हणजे रंगाचं औषध, सोडून फोटो काढला तर वाहिनीचा पोकळ भाग दिसतो. भिंत किती जाड झाली ते बघायला ती बारीक सोनोग्राफीची तार आत घालावी लागते.

माझ्या नवऱ्याने, नीलेशने विचारलं, "मग स्टेंट टाकायचा का?"

"हे एका जागी नसतं हो. पूर्ण लांबीभर पसरत जातं. स्टेंटचा दरवेळी उपयोग होत नाही. आपण एक गोळी बदलू. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. तिथेच थांबलं असेल तर उत्तम."

"आणि नसेल थांबलं तर?"

मॅडमनी नवी गोळी चिठ्ठीवर लिहायला घेतली. दुसऱ्यांदा हृदय मिळणं किती कठीण असतं ते आम्हाला माहीत होतं. रांगेत काढलेले दिवस आम्ही विसरलो नव्हतो. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्यानंतरचं वर्ष मी एका प्रश्नाबरोबर काढलं: अस्तर वाढतंय की थांबलंय? जिना चढताना, पोळ्या लाटताना, ओवीच्या केसांची वेणी घालताना. बरं, विचारायचं कुणाला, तर हृदय स्वतः काही बोलत नाही.

झाड

आता माझ्या सासूबाई. आम्ही हेंद्रेपाड्याला, बदलापूर पश्चिमेला राहतो. सासूबाईंचं घराणं इथलं जुनं, एकेकाळी भातशेती करणारं. शेतं गेली, तिथे बिल्डिंगी आल्या, पण घरामागे थोडी मोकळी जागा उरली आहे. मी हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी आईंनी तिथे पपनसाचं कलम लावलं. "ही आली, हिच्याबरोबर झारपन वारंल," असं म्हणाल्या होत्या. त्यांच्या बोलीत 'ड-ढ'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'.

आई माझ्या पथ्याच्या बाबतीत पोलीस आहेत. शरीराने नवं हृदय झिडकारू नये म्हणून मला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांनी जंतू लवकर लागतात. घरी आले तेव्हा नर्सने सांगितलं होतं की बाहेरचा रस नको, कापून ठेवलेली फळं नकोत, साल काढून खाता येईल असंच फळ द्या, हात धुऊन कापा. आईंनी ते असं धरून ठेवलं की माझी स्वतःची आई मला भेटायला आली आणि द्राक्षांची पिशवी पुढे केली, तर तिलाही त्यांनी दारातून हात धुवायला परत पाठवलं. ग्रेपफ्रूट नावाचं एक फळ अजिबात चालणार नाही, हेही सांगितलं होतं. ते आमच्या बाजारात कुणी पाहिलेलं नाही. जे मिळतच नाही ते खाणार कोण, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी झाडाला पहिल्यांदा फळं धरली. टोपलीभर. आईंना काय करू नि काय नको झालं. आमच्याकडे नव्या झाडाचं पहिलं फळ गणपतीपुढे ठेवतात आणि मग त्याचा प्रसाद घरातल्या आजारी माणसाला सगळ्यांत आधी देतात. आईंनी पपनस धुतलं, सुरी धुतली, हात धुतले, ती इंचभर जाड साल सोलली आणि गुलाबी फोडी वाटीत घालून माझ्यासमोर ठेवल्या.

"खा पोरी. एवरी जार साल हाय, आत जंतू जायचा कसा? तुज्या झाराचा फल हाय."

फोडी गोड होत्या. थोड्याशा तुरट, पण गोडच. मी वाटी चाटूनपुसून संपवली. गणपती गेले तरी टोपली शिल्लक होती, म्हणून रोज सकाळी माझ्या गोळ्यांबरोबर एक वाटी पपनस सुरू झालं. नीलेशने एक फोड मागितली तर त्यालाही मिळाली नाही. "ता तिचा हाय," आई म्हणायच्या.

हुक

दुकानात दिवाळीचे ब्लाउज येऊन पडले होते. माझ्या शेजारी दीपा भाभींचं मॅचिंग सेंटर आहे. भाभी सिंधी, तोंडाने तिखट आणि मनाने मऊ. मी आजारी असताना माझ्या गिऱ्हाइकांची कापडं त्यांनी नावं लिहून स्वतःच्या कपाटात जपून ठेवली होती. आजही माझ्या दुकानात येताना, मला जंतू लागू नयेत म्हणून, नाकाला दुपट्टा लावूनच येतात.

एक दिवस भाभींनी मी शिवलेला ब्लाउज हातात घेऊन बघितला.

"अरी ज्योती, ये हुक किधर लगाया तूने? एक पूरबको, एक पच्छिमको!"

"भाभी, हात थोडा हल रहा है. झोप नाही झाली."

"झोप नहीं हुई तो मशीन टेढी चलेगी. हुक तो हाथ से लगता है." त्यांनी माझा हात धरला. तो बारीक थरथरत होता. सुईत दोरा ओवायचा तर ओवीला हाक मारावी लागायची, हे मला तेव्हा जाणवलं. "डॉक्टर को बोला?"

"पुढच्या आठवड्यात जायचंच आहे. अँजिओग्राफी आहे."

"अगले हफ्ते नहीं, आज बोल. तेरा तो दुखता भी नहीं है, बाबा. तू अपने हाथ की सुन."

मी त्याच संध्याकाळी हॉस्पिटलला कळवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथच्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी मॅडमचा स्वतःचा फोन आला. हृदय झिडकारलं जाऊ नये म्हणून घेते त्या गोळीची रक्तातली पातळी भलतीच वर गेली होती आणि त्यामुळे किडनीवर ताण आला होता. क्रिएटिनिन वाढलं होतं. तो हात त्या गोळीमुळेच थरथरत होता.

"लगेच ये, ॲडमिट हो," मॅडम म्हणाल्या. "आणि अँजिओग्राफी आता करता येणार नाही. डाय किडनीतून जाते. किडनी अशी असताना मी डाय देणार नाही."

वर्षभर ज्या उत्तराची वाट बघितली, ते इतकं जवळ येऊनही हाताला लागत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी रडले. लपूनछपून वगैरे नाही, चांगली ओट्याला टेकून रडले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं

आई हट्टाने आमच्याबरोबर आल्या. वॉर्डात मॅडम एकेक विचारत होत्या. नवीन औषध? नाही. तापाची, बुरशीची गोळी? नाही. कुणी दिलेला काढा, पावडर, जडीबुटी? नाही.

आईंना तो प्रश्न लागला. "म्याडम, बाहेरचा काय बी देत नाय मी हिला. घरच्या झाराचा फल देते, तेपन धुवून."

"कुठलं फळ, आजी?"

"पपनस."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती? रोज?"

"रोज सकाली. वाटीभर. गोल्यांबरोबर." आई अभिमानाने म्हणाल्या आणि मग मॅडमचा चेहरा बघून त्यांचा आवाज बारीक झाला.

पपनस ग्रेपफ्रूटच्याच घराण्यातलं. त्याने पोटात गोळीचं विघटन मंदावतं, तीच गोळी जास्त प्रमाणात रक्तात जाते. मॅडम शांतपणे समजावून सांगत होत्या. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "चूक आमचीपण आहे. इथे जे फळ मिळतच नाही त्याचं नाव सांगतो आणि जे घराघरात येतं त्याचं सांगायचं राहून जातं."

पण नीलेशचा ताबा सुटला. वॉर्डाबाहेर तो आईंना बोलला. मला आतून ऐकू येत होतं.

"कोणी सांगितलं होतं तुला? एवढं सगळं सांभाळलं आणि तू... फळाने मारलं असतं तिला!"

 नीलेश मुळात असा बोलणारा माणूस नाही. वर्षभराची भीती त्या बिचाऱ्या म्हातारीवर निघाली. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. आत येऊन तो माझ्या पायांशी बसला आणि नुसता पाय चेपत राहिला. मी म्हटलं, "आईंना पाणी दे आधी."

कोयता

पपनस बंद झालं, गोळी कमी केली, सलाईन लागलं आणि किडनी हळूहळू ताळ्यावर यायला लागली. घरी सोडलं, पण तपासणीची तारीख मिळाली नव्हती. क्रिएटिनिन अजून खाली यायला हवं होतं.

घरी आई कुणाशी बोलत नव्हत्या. माझ्या पानात वाढायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. मला काही द्यायचं झालं की ओवीच्या हाती पाठवायच्या. एका सकाळी मागच्या दाराचा आवाज आला म्हणून गेले, तर आई कोयता घेऊन झाडापाशी उभ्या.

"आई, काय करताय?"

"तोरून टाकते ता झार. मीच लावला, मीच तोरते."

"का? त्याने काय केलं?"

"तुला काय झाला असता तर?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मना वाटला, मी तुला देवाचा देते. आन मी तुला इख देत होते."

मी त्यांच्या हातातून कोयता घेतला. त्यांनी धरून ठेवला नाही. मला राग आला होता, खरंच. त्यांचा नाही, सगळ्याचाच. चार वर्षं हात धुऊन, मास्क लावून, घड्याळ बघून गोळ्या घेऊन जगायचं आणि शेवटी वाटीतल्या गोड फोडीने अडकायचं, हा काय न्याय झाला?

"आई, तुम्ही नर्सने सांगितलेलं सगळं पाळलंत. एकही गोष्ट चुकवली नाहीत. जे कुणी सांगितलंच नाही ते तुम्हाला कुठून कळणार? आणि हे झाड माझं आहे ना? मग माझ्या झाडाला हात लावायचा नाही."

मग त्या रडल्या. मीही रडले. ओवी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "मग आता पपनस आम्ही खायचं का?" आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

टेबलावर

दिवाळीनंतर किडनीने परवानगी दिली. दीपा भाभींनी आदल्या दिवशी दुकानाला कुलूप लावताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झूलेलाल करेगा, बेडा पार होगा. और आके मेरा हुक ठीक कर."

ज्यांनी ही तपासणी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅथलॅब फार थंड असते, स्वेटर चालत नाही, चादर मागायची लाज धरू नका. मनगटात सुई टोचतात ती दुखते. पुढे बाकी फारसं काही कळत नाही. मला तर आत तार फिरली तरी काहीच कळलं नाही. तुम्ही जागे असता. डॉक्टर आपापसांत बोलतात, त्यातलं अर्धं समजतं आणि नेमकं अर्ध्या समजलेल्याचीच भीती वाटते. कुणी "अं" म्हणालं तरी जीव जातो. मी विचारूनच टाकलं, "मॅडम, तुम्ही अं का म्हणालात?" त्या म्हणाल्या, "अगं, चष्मा घसरला."

भीतीबद्दल एक वेगळी गोष्ट. नसा जोडलेल्या नसल्यामुळे निरोप रक्तातूनच, उशिरा पोचतो आणि माझं हृदय माझ्यामागून घाबरतं. मी टेबलावर पडून घामाघूम झाले होते, तोंडाला कोरड पडली होती आणि बाजूच्या मॉनिटरवर ठोके आपल्या चालीने चालले होते, जणू त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मला त्या हृदयाचा हेवा वाटला.

पडद्यावर आधी डाय सोडलेल्या वाहिन्या दिसल्या, मग ती आतली सोनोग्राफी सुरू झाली. करड्या रंगाची गोल चकती, बाहेर भिंत, मधे पोकळी. आडव्या कापलेल्या पपनसासारखी. मला हसू आलं आणि लगेच धस्स झालं, कारण पपनसात सालच जाड असते. मी डोळे मिटून घेतले आणि ओवीच्या दिवाळीच्या परकर-पोलक्याला लेस कुठली लावली होती ते आठवत राहिले.

मॉनिटर

मला बाहेरच्या खोलीत आणून झोपवलं. मनगटावर घट्ट पट्टा. नीलेश आणि आई शेजारी. मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. पुन्हा खुर्ची जवळ ओढली.

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. दोन चकत्या शेजारी शेजारी. "ही आधीच्या तपासणीतली. ही आजची. तीच वाहिनी, तीच जागा. नीट बघा."

मी बघितलं. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. मला वाटलं, माझ्या डोळ्यांना कळत नसेल.

"सारख्याच आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "वाढलेलं नाही, ज्योती. थांबलंय. नव्या गोळीने काम केलंय."

नीलेशने भिंतीकडे तोंड केलं. आई म्हणाल्या, "म्हंजे काय? चांगला का वायट?" आणि मी म्हटलं, "चांगलं, आई, चांगलं." मी हसत होते, आईंचा हात धरून हसत होते. सगळं सांगून झालं, मॅडम निघून गेल्या, मी शांत पडले, आणि तेव्हा मॉनिटरवरचे ठोके भराभर चढायला लागले. नर्स धावत आली. "काय झालं? काही होतंय का?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्याला आत्ता कळलं."

यंदा

त्या ग्रुपवरच्या मुलीला मी हेच सांगितलं. ज्याला दुखतं त्याला कुणीतरी आत बसून हाक मारत असतं. आपल्याला ती हाक ऐकू येत नाही, म्हणून आपणच आत जाऊन विचारपूस करायची. हात थरथरला, लघवी कमी झाली, पाय सुजले तर फोन करायचा. घरात नवीन फळ, काढा, पावडर काही आलं तरी आधी फोन करायचा. प्रसाद असला तरी. देव रागवत नाही, मी अनुभवाने सांगते. गोळी मात्र आपल्या मनाने कधीच कमी-जास्त करायची नाही. आता हॉस्पिटलच्या पथ्याच्या कागदावर ग्रेपफ्रूटच्या शेजारी पपनसही लिहिलेलं आहे. मॅडमनी तो कागद आईंना मुद्दाम दाखवला होता.

माझी यंदाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. भीती वाटतेच. पण गेल्या वर्षीच्या मानाने कमी, आणि हुक सरळ लागतायत.

आज गणपती बसले. झाडाला यंदा दुप्पट फळं आली आहेत. आईंनी सगळ्यांत मोठं पपनस देवापुढे ठेवलं, आरती झाली आणि त्या सोलायला बसल्या. गल्लीतली पोरं जमली होती, दीपा भाभी उल्हासनगरहून मिठाईचा डबा घेऊन आल्या होत्या. आईंनी एक वाटी भरली आणि सवयीने माझ्यापुढे आणली. मग थांबल्या.

"हा तुजा वाटा," त्या म्हणाल्या. "तुज्या वाटनीचा मी खाते."

वाटी मांडीवर घेऊन त्या माझ्याशेजारी बसल्या आणि पहिली फोड तोंडात टाकली. तिकडे पोरं "एकच नंबर!" म्हणून ओरडत होती. भाभी म्हणाल्या, "साखर है, अम्मा, साखर!"

मी विचारलं, "आई, गोड आहे का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. तोंड वाकडं केलं.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. "तुजा काय बी गेला नाय." आणि दुसरी फोड उचलली.